विनाकारण घाम गाळण्याची नियमावली
(सातिवली व पंचक्रोशीतील लाजाळू नागरिकांसाठी)

१. उद्देश

वसई पूर्वेच्या सातिवलीत घाम ही दुर्मीळ वस्तू नाही. सकाळी गाळ्यांची शटरे वर गेली की टेम्पोत गोणी चढवणारे, पाठीवर खोकी वाहणारे, हातगाडी ढकलणारे असे सगळे भर रस्त्यात, भर दिवसा बनियन भिजेपर्यंत घाम गाळतात. त्यांच्याकडे पाहून कुणीही फिदीफिदी हसत नाही. त्याच रस्त्यावर एखादा पंचेचाळिशीचा गृहस्थ हाफ पँट घालून, हातात काहीही न घेता झपाझप चालू लागला की टपरीवरच्या चौघांच्या माना एकदम वळतात. घाम तोच, रस्ता तोच. गोणीवाल्याच्या घामाला कारण आहे आणि मजुरी आहे. गृहस्थाच्या घामाला दोन्ही नाही.

प्रस्तुत नियमावली या गृहस्थासाठी आहे. गृहिणींचा प्रश्न निराळा आणि अधिक गंभीर असल्याने त्यांच्यासाठी कलम ८ राखून ठेवले आहे.

२. निदान

व्यायामाची लाज हा एक रोग आहे. त्याची लक्षणे पुढीलप्रमाणे. ओळखीचा माणूस समोरून येताच बुटाची नाडी सुटल्याचे आठवते. हात पुढेमागे हलवताना कुणी पाहिले तर तोच हात डोक्याकडे नेऊन केस नीट केले जातात. धावता धावता रिक्षा दिसली की पावले मंदावतात आणि चेहऱ्यावर ‘रिक्षाच शोधत होतो’ असा भाव येतो. रोग बळावला तर रुग्ण खरोखरच रिक्षात बसतो आणि तीस रुपये खर्च करून घरी परततो.

रोगाचे मूळ एका साध्या प्रश्नात आहे: ‘कुठं निघालात?’ आपल्याकडे पायी चालणाऱ्याला मुक्काम असावा लागतो. ‘कुठंच नाही, असाच’ हे उत्तर ऐकून विचारणाऱ्याला काळजी वाटू लागते. स्कूटरवरचा परिचित थांबून म्हणतो, ‘बसा मागं, सोडतो.’ नको म्हटले तर त्याला अपमान वाटतो, बसले तर व्यायाम बुडतो. धावणाऱ्याची स्थिती याहून बिकट. भर रस्त्यात धावणाऱ्या प्रौढ माणसाला लोकल गाठायची असते, त्याच्यामागे कुत्रे लागलेले असते किंवा त्याने काहीतरी उचललेले असते. चौथी शक्यता समाजाने अद्याप मंजूर केलेली नाही.

३. पूर्वजांचा दाखला आणि तो का चालत नाही

‘आपल्याकडे व्यायामाची केवढी परंपरा!’ असे म्हणून या टप्प्यावर कुणीतरी छाती फुगवतो. परंपरा खरी आहे. पण तालीम चार भिंतींच्या आत होती. तांबडी माती, कमी उंचीचे दार आणि आत फक्त लंगोटबंद सहकारी. ज्याला पाहायचे त्याला आधी अंगाला माती लावून घ्यावी लागे. लाजेचा बंदोबस्त गवंड्यानेच करून ठेवला होता.

उघड्यावरच्या व्यायामाचा आपला मोठा पुरस्कर्ता म्हणजे औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. ते स्वतः सूर्यनमस्कार घालत, संस्थानातल्या शाळांतल्या मुलांकडून घालून घेत, आणि १९३८ साली त्यांचे त्यावरचे पुस्तक इंग्रजीतून थेट लंडनमध्ये निघाले. मात्र राजेसाहेब जमिनीला कपाळ टेकत असताना हसण्याची सोय प्रजेला नव्हती. आपल्याकडे संस्थान नाही. आपल्याकडे दोन खोल्या, एक बाल्कनी आणि समोरच्या इमारतीत तीस खिडक्या आहेत. त्यामुळे मार्ग वेगळा शोधावा लागतो.

४. पायरी पहिली: अहंकार उतरवणे

आपल्याकडे सगळे पाहत आहेत, हा समज लाजाळू माणसाला नम्रपणा वाटतो. वास्तविक इतका मोठा मान त्याने स्वतःच स्वतःला बहाल केलेला असतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलो याच्या चेहऱ्याचा टी-शर्ट घालायला लावला. त्या वयात तो चेहरा छातीवर मिरवणे म्हणजे लाजेने मरण्यासारखेच होते. मग त्यांना माणसांनी भरलेल्या खोलीत पाठवले. निम्म्या लोकांनी तरी आपला शर्ट पाहिला असणार, असे त्या बिचाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात जेमतेम चौथा हिस्सा लोकांच्या ते लक्षात आले होते.

हा प्रयोग बंद खोलीतला आहे. सातिवलीच्या रस्त्यावर प्रत्येकाचा एक डोळा खड्ड्यावर आणि दुसरा मागून येणाऱ्या ट्रेलरवर असतो. तुमच्या पोटरीसाठी तिसरा डोळा लागेल, आणि तो ज्याच्याकडे आहे तो तुंगारेश्वरच्या देवळात असतो.

स्वाध्याय: काल संध्याकाळी रस्त्यात कोणकोण व्यायाम करत होते आणि त्यांनी काय घातले होते, हे आठवून लिहावे. कागद कोरा राहिल्यास ही पायरी उत्तीर्ण.

५. पायरी दुसरी: कारण धारण करणे

पहिली पायरी बुद्धीला पटते, पायांना पटत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या काळात एखादे कारण सोबत बाळगावे. मान्यताप्राप्त कारणे अशी:

(क) दुधाची पिशवी. रिकामी पिशवी हातात असली की माणूस कितीही वेगाने चालू शकतो. मात्र एकाच डेअरीसमोरून पाचव्यांदा रिकामी पिशवी नेताना डेअरीवाला दुखावतो. रस्ते बदलत राहावेत.

(ख) भरती. पालघर जिल्ह्यात पहाटे धावणाऱ्या पोरांना कुणी काही विचारत नाही, कारण ती पोलीस भरतीची तयारी करत असतात. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. या पोरांच्या घोळक्यात मागून सामील व्हावे. वय विचारले तर ‘खात्यांतर्गत’ असे पुटपुटून वेग वाढवावा. वेग वाढत नसेल तर हे कारण वापरू नये.

(ग) शुगर. हे सर्वांत भारी कारण. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ हे दोन शब्द उच्चारताच हसणारा गंभीर होतो, स्वतःच्या मेहुण्याचा रिपोर्ट तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि कारल्याच्या रसाची कृती सांगतो. धडधाकट माणसाने चालणे म्हणजे आपल्याकडे शायनिंग, तेच आजारी माणसाने चालले की पथ्य. आजार होण्याआधी चालण्याची परवानगी मिळवणे हेच या नियमावलीचे अंतिम ध्येय आहे, पण तिकडे सावकाश जाऊ.

(घ) देव. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तुंगारेश्वरचा चढ माणसांनी फुलून जातो. नोकरदार, पोटसुटे, गुडघेदुखीवाले सगळे धापा टाकत वर जातात आणि कुणीही कुणाला ‘कशासाठी?’ म्हणत नाही. लाजाळू माणसाने पहिला चढ याच गर्दीत चढून घ्यावा. मग भाद्रपदातल्या एखाद्या मंगळवारी तोच रस्ता पुन्हा धरावा. महादेव तिथेच असतो, फक्त कारण गैरहजर असते. (तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे. २००३ साली घोषित झाले असून सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे आहे. बिबट्यांचाही तिथे वावर आहे. एकट्याने, अंधारात जाऊन लाज घालवण्याच्या नादात बाकीचे घालवू नये.)

६. पायरी तिसरी: जागा व प्रकार

गच्ची: पाहणारे कुणी नाही, म्हणून नवख्यांना भुरळ घालते. परंतु गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असते, आणि ‘गच्ची कशाला हवीय?’ या प्रश्नाला उत्तर देणे रस्त्यावर धावण्यापेक्षा अवघड आहे.

वसईचा किल्ला: इथे फिरायला येणाऱ्यांचा राबता आहे, त्यामुळे गर्दीत लपता येते. २०२४ च्या मार्चअखेरीपासून एप्रिलपर्यंत मात्र इथे एक बिबट्या मुक्कामी होता. वनखात्याने पिंजऱ्यात घेईपर्यंत तो आपल्या सवडीने फिरला. त्याला कुणी ‘कुठं निघालात?’ विचारले नाही की मागे बसवून सोडतोही म्हटले नाही. आत्मविश्वासाचे महत्त्व यावरून कळते.

सातिवली-गोखिवरे रस्ता: खरी परीक्षा इथेच. गाळ्यांतली पाळी सुटण्याची वेळ टाळावी. अगदी पहाटेची वेळ निवडल्यास माणसे नसतात, पण कुत्री असतात, आणि संशयाच्या बाबतीत ती माणसांपेक्षा कमी नाहीत. कुत्रे भुंकल्यास धावणे थांबवून चालू लागावे. आयुष्यात एवढी एकच वेळ अशी येते की व्यायाम थांबवणे शास्त्रोक्त ठरते.

आता प्रकार. १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट झायन्स यांनी सहकाऱ्यांसह झुरळांना धावायला लावले, आणि बाजूच्या पारदर्शक खोक्यांतून इतर झुरळांना ते बघायला बसवले. सरळ मार्ग असेल तर प्रेक्षक असताना झुरळ अधिक वेगाने धावले. वळणांचा चक्रव्यूह असेल तर प्रेक्षकांपुढे त्याचा गोंधळ उडाला आणि जास्त वेळ लागला. तात्पर्य: चारचौघांत सोपा, सवयीचा व्यायाम करावा. चालणे उत्तम. मोबाइलवर बघून शिकलेला, एका पायावर उभे राहून दुसरा कानामागे नेण्याचा प्रकार घरी दार लावून करावा.

किती करावे? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मध्यम म्हणजे बोलता यावे, पण गाता येऊ नये. गाता येत नाही, ही आपल्यापैकी बहुतेकांची जन्मजात पात्रता असल्याने कसोटी बोलण्यावरच लावावी.

७. पायरी चौथी: कारण सोडणे

इथे एका मुंबईकर डॉक्टरांचे उदाहरण अभ्यासावे. १३ मार्च १९९५ रोजी मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवालातल्या बागेत अवघ्या पाच जणांना घेऊन पहिला हास्य क्लब सुरू केला. सकाळच्या वेळी, फिरायला आलेल्या लोकांसमोर, मोठमोठ्याने हसायचे. लाजेच्या दृष्टीने याहून अवघड व्यायाम सापडणे कठीण. प्रारंभी एकेकाने विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचे, अशी पद्धत होती. म्हणजे कारण सोबत होते. पण दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले, वाह्यात आणि झोंबणारे तेवढे उरले, आणि मंडळी कुरकुरू लागली. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच बंद केले आणि विनाकारण हसायला लावले. क्लब तिथून वाढला आणि जगभर गेला. कारण बाळगण्याचा खर्च व्यायामापेक्षा जास्त झाला की ते टाकून द्यायचे असते, हे त्यांना पंधरवड्यात उमगले.

दुधाच्या पिशवीचेही तसेच. एके दिवशी ती घरी विसरते. रस्त्यावर आल्यावर आठवते. परत फिरावेसे वाटते. फिरू नये. त्या दिवशी ‘कुठं निघालात?’ला ‘चालायला’ एवढेच उत्तर द्यावे. विचारणारा क्षणभर थबकतो आणि पुढे जातो. त्याला मुळात उत्तर नकोच होते. ‘राम राम’ म्हणायची ती त्याची पद्धत होती.

ज्यांना मोठा डोस सोसतो त्यांनी वसई-विरार मॅरेथॉन पाहून यावे. २०११ पासून ती भरते. ३६४ दिवस धावणाऱ्याकडे संशयाने बघणारे हेच लोक त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहून अनोळखी घामट माणसांसाठी टाळ्या वाजवतात. लोक तेच, नजर तीच. फक्त छातीवर नंबर लावलेला असतो. शर्ट घालताना तो नंबर मनातल्या मनात रोज लावावा. पिन लागत नाही.

८. पाहणाऱ्यांसाठी नियम

वरील सर्व पायऱ्या गृहस्थांपुरत्या. बाईला मात्र लोक आपल्याकडे पाहत आहेत असे वाटते तेव्हा ते बहुधा खरोखरच पाहत असतात. तिच्याबाबतीत कॉर्नेलचा टी-शर्ट उपयोगाचा नाही, आणि ‘लाज सोडा’ हा सल्ला चुकीच्या पत्त्यावर जातो. बारामतीच्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट निघाला, त्यात त्या स्वतःच्याच भूमिकेत होत्या. पण नवऱ्याच्या उपचाराच्या पैशांसाठी त्या धावल्या होत्या. एवढे मोठे कारण असल्याशिवाय बाईने धावू नये, असा नियम कुणी केला असेल तर तो रद्द समजावा. टपरीवरच्या मंडळींसाठी:

(१) चालणाऱ्या बाईकडे एकदा पाहिल्यास चहा प्यावा. दुसऱ्यांदा पाहावेसे वाटल्यास चहात पाहावे.
(२) ‘ताई, एकट्याच?’ हा प्रश्न विचारू नये. त्या एकट्या नाहीत. तुम्ही आहात, हीच तर तक्रार आहे.
(३) मोबाइल उभा धरू नये.
(४) शेरा, शिट्टी, हावभाव यांची हौस असणाऱ्यांनी भारतीय न्याय संहितेचे कलम ७९ वाचावे. स्त्रीची अप्रतिष्ठा करण्याच्या हेतूने असे काही केल्यास तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड आहे. तक्रारीसाठी ११२ हा क्रमांक आहे. तुरुंगातही चालता येते, पण फेरी लहान पडते.

९. दुष्परिणाम

उपचार यशस्वी झाल्याची खूण अशी: रुग्ण फ्लोरोसंट टी-शर्टात भाजी आणायला जातो, मनगटावरचे घड्याळ दाखवून पावलांचा आकडा सांगतो, आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजाऱ्याच्या पोटाकडे दयार्द्र नजरेने पाहून म्हणतो, ‘तुम्ही का येत नाही चालायला?’ कालपर्यंत ज्याला चौघांची नजर सहन होत नव्हती तो आता स्वतः पाचवा झालेला असतो. या अवस्थेवर अद्याप औषध नाही, फक्त प्रतिबंध आहे. व्यायामाची लाज गेली की सल्ला देण्याची लाजही जाऊ पाहते. पहिली खुशाल जाऊ द्यावी. दुसरी जपून ठेवावी.