साठ लाखांचं गिऱ्हाईक

मुंबई महानगरात ६० लाखांचं बजेट घेऊन घर शोधायला निघालेल्या माणसाला सगळ्यात आधी एक गोष्ट कळते. ती म्हणजे, आपण मुंबईत घर शोधत नाही आहोत. हे कोणी त्याला तोंडावर सांगत नाही. दादरचा एजंट फक्त विचारतो, “बजेट थोडं वाढेल ना?” आणि मुलुंडच्या एजंटचा नंबर देतो. मुलुंडवाला ठाण्याचा देतो, ठाण्यावाला डोंबिवलीचा. असं करत करत हा गृहस्थ मध्य रेल्वेवर एकेक स्टेशन मागे हटतो आणि शेवटी टिटवाळ्याच्या महागणपतीला नमस्कार करून परत फिरतो.

सरकारी हिशेबात मात्र तो सुखवस्तू आहे. एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो; घर ‘परवडणारं’ असेल तर १ टक्काच. परवडणारं म्हणजे काय, तर मुंबई महानगर प्रदेशात कार्पेट ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत. ६० चौरस मीटर म्हणजे साधारण ६४५ चौरस फूट. भागाकार करून पाहिला की तेवढं घर चौरस फुटाला सात हजारांच्या आत मिळायला हवं. असा भाव कुठं चालू आहे ते गिऱ्हाइकानं शोधायचं, सवलत द्यायला सरकार तयारच आहे. ६० लाखवाल्याच्या वाट्याला अर्थातच ५ टक्के येतात.

६० लाखांच्या घराला ६० लाख लागतात, हा समज बँकेतल्या पहिल्याच भेटीत जातो. बँक ८० टक्के देणार, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ पदरचे. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणीचे ३० हजार. जीएसटीचे ३ लाख. या तिन्ही गोष्टींना बँक घराची किंमत मानत नाही, तेव्हा साडेएकोणीस लाख रोख जवळ असल्याशिवाय साठ लाखांचं स्वप्नही पडू देऊ नये. ४८ लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी महिना साडेएकेचाळीस हजारांच्या वर जातो. शिवाय किंमत ५० लाखांच्या पुढे असल्यानं बिल्डरच्या पैशातून १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करण्याची बिनपगारी नोकरीही त्याच्याकडेच. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. ६० हजार वाचतात. मध्यमवर्गीय घरात स्त्रियांच्या मालमत्ता हक्कावर इतकी मनापासून चर्चा एरवी होत नाही.

त्या ७ टक्क्यांतला एक टक्का मेट्रोचा अधिभार आहे. म्हणजे आणखी ६० हजार. ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली आणि त्याच दिवसापासून जाहिरातींमधली त्या पट्ट्यातली सगळी घरं ‘मेट्रोलगत’ आहेत. मेट्रो अमुक साली येईल असं बिल्डर कधीच लिहून देत नाही. अधिभाराची पावती मात्र लगेच मिळते. विमानतळाचंही तेच झालं. नवी मुंबईच्या विमानतळाची पायाभरणी २०१८ ची, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ चं. पण पनवेलच्या आसपासचे फ्लॅट त्याच्याही कितीतरी आधीपासून ‘विमानतळापासून १५ मिनिटांवर’ होते. विमानतळ नसताना ही १५ मिनिटं मोजली कोणी, हे विचारायला कोणाला सुचलं नाही.

भूगोलात तर बिल्डरांनी जी भर घातली ती शाळेच्या पुस्तकांना झेपणारी नाही. भिवंडीच्या वाटेवर माणकोलीला ‘अपर ठाणे’ आहे. वडाळ्याला ‘न्यू कफ परेड’ आहे. बदलापूरचं ‘लोअर माथेरान’ अजून कसं झालं नाही, याचंच आश्चर्य.

मग सॅम्पल फ्लॅट. इथं पलंग नेहमीपेक्षा आखूड असतो, आरसे भिंतभर असतात आणि बऱ्याच ठिकाणी आतल्या खोल्यांना दारंच नसतात, कारण दार उघडायलाही जागा लागते. कपाट, गादीखाली कोंबायच्या बॅगा, लोणच्याच्या बरण्या, देव्हारा, सासूबाईंची आरामखुर्ची यांतलं काहीही तिथं दिसत नाही. रेरा कायद्यानं कार्पेटची व्याख्या केली हे चांगलं झालं: बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि बाल्कनी त्यात धरायची नाही. पण आतल्या भिंती धरायच्या. तेव्हा ४०० फुटांच्या घरात काही फूट विटांचे असतात आणि त्यांवरही हप्ता चालू असतो. स्टिल्टमधलं पार्किंग स्वतंत्र विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सांगितलं. तेव्हापासून अनेक ठिकाणी ते विकलं जात नाही. ‘अलॉट’ होतं, आणि पैसे दुसऱ्या एखाद्या रकान्यात जाऊन बसतात.

इथवरचं हसण्यावारी नेता येईल. पुढचं नाही.

डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचं प्रकरण घर शोधणाऱ्या प्रत्येकानं मुळातून वाचावं. महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार झाल्या, त्या दाखवून महारेरा या नियामक प्राधिकरणाची नोंदणी मिळवली गेली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या इमारती पाडायचे आदेश दिले. घर घेणाऱ्यांचं काय चुकलं होतं? रेरा नंबर पाहायचा असतो म्हणून पाहिला होता. नालासोपाऱ्यात अग्रवाल नगरीजवळच्या ४१ इमारतींची जागा तर सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्यांवर बुलडोझर चालला. इमारती रातोरात उभ्या राहत नाहीत. त्या मजल्यामजल्यानं वर जात असताना पालिकेला दिसल्या नाहीत. लोक राहायला आल्यावर मात्र स्पष्ट दिसल्या.

म्हणून साठ लाखवाल्यानं स्विमिंग पूल, क्लबहाउस आणि ‘झेन गार्डन’ या तिघांचा मोह सोडून पंधरा-वीस वर्षं जुन्या, नोंदणीकृत सोसायटीतलं रिसेलचं घर पाहावं. रंग उडालेला असेल, लिफ्ट कुरकुरेल, चेअरमन अधिक कुरकुरेल. पण भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या, पूर्ण झालेल्या घरावर जीएसटी नाही. तीन लाख तिथंच वाचले. हस्तांतराचं शुल्क सोसायटीला २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही (त्यावरच्या ‘ऐच्छिक देणगी’ची इच्छा सोसायटीची असते). पाणी किती वाजता येतं हे ब्रोशरला नव्हे, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना विचारता येतं. भिंतीला ओल येते का, ते जुलैत जाऊन स्वतः हात लावून पाहता येतं. आणि रेल्वे स्टेशन खरोखर तिथं असतं.

ज्याला तरीही नवंच घर हवं असेल त्यानं टोकनचा चेक फाडण्याआधी रेरा नंबर महारेराच्या संकेतस्थळावर पाहावा, आणि तिथं दिसणारी बांधकाम परवानगी अस्सल आहे का, हे पालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन विचारावं. अर्धा दिवस रजा पडेल, पडू द्या. आणि “आजच बुक केलं तर मॉड्युलर किचन फ्री” असं कोणी म्हणालं तर त्याला रेरा कायद्याचं कलम १३ सांगा: करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.