लोकरीचा थाट, भिवंडीची हवा
यंत्रमागांच्या भिवंडीत हवेतच सुताचे तंतू तरंगतात. ते टिपून ठेवायला लांब केसांचा लोकरी गालिचा अंथरणे ही खरे तर सार्वजनिक सेवाच म्हणायची. व्हॅक्यूम क्लीनर आहे की, असे कोणी म्हणेल. आहे, पण त्याचा फिरता ब्रश लांब लोकर पिळून उपटतो, म्हणून तो बंद ठेवून नुसत्या ओढीवर भागवावे लागते आणि बुडाशी बसलेली माती तिथेच सुखाने नांदते. ती काढायची तर गालिचा उलटा टाकून झोडपा, तेही वरच्या मजल्यावरच्यांची वाळवण सांभाळून. मग धुऊनच टाकावा! लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल शोषूनही कोरडी भासते. भर जुलैत भिजवलेला गालिचा गणपतीपर्यंत वाळला तर नशीब. धुण्याचा सोडा तर नकोच, क्षाराने लोकर झिजते. उरलेली कसरीच्या अळ्या पाहून घेतात. शेवटचा मुद्दा प्रतिष्ठेचा, आणि तो बिनतोड आहे. धनगरी घोंगडीही लोकरीचीच, झटकून उन्हात टाकली की काम संपले. पण ती दिवाणखान्यात अंथरली तर पाहुणे किंमत विचारत नाहीत.