डोकं एकाचं, निदान सगळ्यांचं

मूळव्याध झालेला माणूस डॉक्टर शोधत हिंडतो. टक्कल पडू लागलेल्याला ते कष्ट नाहीत. त्याच्याकडे डॉक्टर आपणहून चालत येतात. सोसायटीचे सेक्रेटरी, मावसभाऊ, सलूनमधला कारागीर, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले अनोळखी काका. या पॅनेलला फी लागत नाही आणि पेशंटची परवानगीही लागत नाही. ‘अरे, केस फार गेले रे तुझे!’ हे वाक्य आपल्याकडे नमस्काराच्या जागी चालतं. सुटलेल्या पोटाला निदान जेवणाच्या वेळेपुरती तरी सवलत असते.

पॅनेलचं पहिलं निदान पाण्याचं. ठाण्याहून पुण्याला बदली झालेल्याचे केस पुण्याच्या पाण्यानं जातात आणि पुण्याहून ठाण्याला आलेल्याचे ठाण्याच्या. बोअरचं पाणी असेल तर मग पुढची तपासणीच बंद. त्याच टाकीच्या पाण्यानं न्हाणारी बायको कमरेपर्यंत वेणी घालते, हा पुरावा मात्र पॅनेलपुढे दाखल करून घेतला जात नाही.

दुसरा आरोपी हेल्मेट. हेल्मेटनं टक्कल पडत असतं, तर आख्ख्या भारतात सर्वांत दाट केस पुण्यात दिसले असते. या शहरानं हेल्मेटला केलेला विरोध इतका जुना आणि इतका मनापासून आहे की केसांना त्याची काहीतरी जाण राहिली असती. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, त्याला वरून ऑक्सिजन लागत नाही. त्याचा श्वास रक्तातून चालतो. घामट अस्तर धुवायचा कंटाळा असेल तर तसं सांगावं, डोक्यावरचं खापर हेल्मेटवर फोडू नये.

खरा गुन्हेगार घरातलाच. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. कपाळाच्या कोपऱ्यांतली आणि माथ्यावरची मुळं ज्याची या डीएचटीला जात्याच नाजूक असतात, त्याचे केस वाढीच्या दर फेरीला बारीक होत होत लव होतात. अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टननं १९४२ साली दाखवून दिलं, की वयात येण्याआधीच वृषण काढलेल्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही. हा उपाय रामबाण आहे, पण अजून तरी कुणी त्याची जाहिरात केलेली नाही. नाजूकपणा येतो वारशानं. ‘मामाकडे बघ’ म्हणणाऱ्यांचं अर्धंच बरोबर आहे. एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं, पण बाकीची डझनावारी दोन्हीकडून येतात. मामाला एकट्याला धरण्यात मात्र सोय आहे, कारण वडील समोरच बसलेले असतात.

सकाळी साडेसहाला कुठल्याही बागेत जा. चालून झालेले गृहस्थ बाकावर ओळीनं बसलेले असतात, केस परत यावेत म्हणून दोन्ही हातांची बोटं दुमडून, चार नखं चार नखांवर, उवा मारत बसल्यासारखी कराकरा घासत. अंगठे अदबीनं बाजूला, कारण अंगठे घासले तर मिशा वाढतात म्हणे. राजकारणावर बोलताना वेग वाढतो, पेन्शनवर बोलताना मंदावतो. नखाचा आणि केसाचा संबंध विचाराल तर इतकाच, की दोन्ही केराटिनचे आणि दोन्ही मेलेले. तरीही शेजारचे गृहस्थ शपथेवर सांगतात, ‘मला फरक पडला!’

आणि गंमत अशी, की फरक खरोखरच पडलेला असू शकतो. सगळ्या बाजाराचं पोट या एका गोष्टीवर भरतं. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन किंवा उपाशी राहून केलेलं डाएट, असं काही झालं की बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी झडू लागतात. तोवर माणूस डेंग्यू विसरलेला असतो. मोरीच्या जाळीवर पुंजके दिसतात, तो घाबरतो, तेल आणतो. हे केस काही महिन्यांत आपले आपणच परत येणार असतात आणि येतातही. श्रेय कुणाला? त्या वेळी कपाटात जी बाटली असेल तिला! कुणाचा कांद्याचा रस, कुणाचा माका, कुणाची नखं. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. इतक्या सावकाश चालणाऱ्या साक्षीदाराकडून कुणीही हवी ती साक्ष काढून घ्यावी. लहान मुलाचं जावळ काढल्यावर दाट केस येतात ही समजूतही अशीच टिकली. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. वस्तऱ्याची बातमी मुळापर्यंत पोचत नाही.

तेल लावायला माझी हरकत नाही. केस मऊ राहतात, आईला बरं वाटतं. बायोटिनच्या गोळ्यांबाबत मात्र थोडी आहे. अंगात बायोटिनची कमतरता क्वचितच असते. ती नसताना मोठे डोस घेतले तर केसांचं काही होत नाही, पण थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. म्हणजे केस नाहीत ते नाहीत आणि वर नसलेला आजार.

सगळंच हसण्यावारी न्यावं असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांमधल्या लोकांचे केस बघता बघता हातात येऊ लागले. आधी शाम्पूवर आणि पाण्यावर संशय गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. केस असे एकदम गेले, चकंदळं पडली, टाळू लाल झाली, तर ते आजोबांचं टक्कल नव्हे. तिथे डॉक्टरच लागतो.

नेहमीच्या टकलावर उपयोगाची ठरलेली औषधं मोजकी. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबासाठी निघालं. ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले, आणि १९८८ साली ते अमेरिकेत डोक्याला लावायला मंजूर झालं. फिनास्टेराइड आलं प्रोस्टेटच्या बाजूनं, तेही डॉक्टरला विचारूनच घ्यायचं. दोन्हींचा परिणाम दिसायला महिने जातात आणि बंद केली की फायदाही जातो. मिनॉक्सिडिलनं सुरुवातीला केस थोडे जास्तच गळतात. नेमक्या त्याच आठवड्यात आमचा मित्र बाटली फेकून कांद्याकडे वळतो.

आपल्या औषधविषयक नियमांना ‘अनुसूची जे’ नावाची यादी जोडलेली आहे. त्यातले आजार बरे करतो असा दावा कुठल्याही औषधानं करायचा नाही. कर्करोग, मोतीबिंदू यांच्या पंगतीत टक्कल आणि नवे केस उगवणं यांनाही पाट मिळालाय. शिवाय उंची वाढवणं आणि गोरं करणंही आहेच. यादी करणारे रविवारच्या पुरवणीतल्या जाहिराती समोर ठेवूनच बसले असावेत.

केस विरळ वाटू लागले तर त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जा. आहेत ते टिकवणं जमतं, गेलेले आणणं कठीण. जायचं नसेल तरी बिघडत नाही, टकलानं कुणी दगावत नाही. हेल्मेट नसल्यानं दगावणाऱ्यांची यादी मात्र पोलिसांकडे दर वर्षी तयार होते. तेव्हा ते घाला.