लग्न मोडतं ना?

आमच्या जोयडा तालुक्यात जत्रेतलं नाटक रात्री दहाचं असलं, की पडदा बाराला वर जातो. मधले दोन तास देणगीदारांच्या नावांचे आणि प्रास्ताविकाचे. यंदा रामनगरजवळच्या एका वाडीत ‘संगीत शारदा’ होतं आणि प्रास्ताविक माझ्या गळ्यात पडलं.

तयारी जय्यत होती. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, म्हणजे आपल्याच बाजूचे. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल त्यांच्याच तालमीतले. ‘शारदे’चा पहिला प्रयोग १८९९ चा. १९२९ चा ‘सारडा कायदा’ बालविवाहाविरुद्धचा असला, तरी त्याचं नाव नाटकावरून नव्हे, हरबिलास सारडांवरून पडलं, हेही ठासून सांगणार होतो. ‘शोक आणि हास्य यांचा संगम’ इथवर आलो, तोच पुढच्या चटईवर उकडलेला कंद सोलणारी एक आजी म्हणाली, “मास्तर, ते राहू द्या. लग्न मोडतं ना, तेवढं सांगा.”

“मोडतं.”

“मग बसते,” म्हणत तिनं पाय पसरले. माझी पाच पानं खिशात गेली.

एरवी नाटकात लग्न मोडलं की बाया डोळ्यांना पदर लावतात. इथं पंचाहत्तरीचा नवरदेव भुजंगनाथ शारदेचा सगोत्र निघतो, लग्न मोडतं आणि मांडव टाळ्या पिटतो. आमचा भुजंगनाथ मात्र अडतिशीचा आणि खरोखरच बिनलग्नाचा. शेती करणाऱ्याला हल्ली मुलगी देतो कोण? केसांना पावडर फासून तो नवरीसाठी उतावीळ झाला, तेव्हा त्याचे दोस्त हसून लोळले. त्याची आईही हसली, पण मध्येच थांबली.

लग्न मोडलेल्या मुलीला करून घेणार कोण? शेवटी शारदा नदीत जीव द्यायला निघते. आमची नदी म्हणजे निळी साडी. दोन पोरं दोन टोकं धरून हलवत होती. एकाला शिंक आली आणि नदी क्षणभर आटली. कुणी हसलं नाही. रामनगर वसलं ते सुपा धरणात गावं गेलेल्या माणसांसाठी. आपलं अंगण काळी नदीच्या पाण्याखाली सोडून आलेल्यांना निळी साडीही पुरते.

नाटकाचा नायक कोदंड वेळेवर धावून आला, शारदा वाचली. पदरातली कंदाची सालं झटकत आजी उठली.

“लग्नाचं सांगितलंत, मास्तर,” ती म्हणाली, “नदीचं नाही सांगितलंत.”