गेलो तर

"तुमच्याकडे सकाळचा चहा किती वॉट-अवरचा होतो?"

रविवारी सकाळी पावणेसात वाजता दारात उभं राहून शेजाऱ्याने हे विचारलं, तर सभ्य माणसाने काय सांगावं? मी म्हटलं, "आमचा गॅसवर होतो." आमच्याकडे अजून गोवऱ्यांवर चूल पेटते असं ऐकल्यासारखं काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग वही उघडली आणि माझ्या वतीने स्वतःच उत्तर लिहून टाकलं. अर्धा लिटर पाणी, पंचेचाळीस ते पन्नास वॉट-अवर, किटलीचा तोटा धरून.

"वॉट आणि वॉट-अवर एकच ना?" हा माझा दुसरा गुन्हा. त्याची शिक्षा अर्धा तास चालली. वॉट ही नळाची धार, वॉट-अवर ही भरलेली बादली. पुणेकराला काहीही पाण्याच्या भाषेत सांगितलं की कळतं, हा काकांचा अनुभव. आणि तो खरा आहे. असे हजार वॉट-अवर झाले की बिलातलं एक युनिट. त्या दिवसापासून आमच्या जिन्यात त्यांचं नाव पडलं युनिटकाका.

युनिटकाका आता पुण्यात जागोजाग आढळतात. निवृत्तीला चार-पाच वर्षं झालेली, मुलगा परदेशात, गुडघे अजून शाबूत, फंडाचे पैसे बँकेत पडून कंटाळलेले. एखाद्या रात्री झोप येत नाही म्हणून मोबाइल उघडावा, तर त्यात कुणी जोडपं गाडीतच संसार थाटून, टपावर सोलर पॅनल लावून डोंगराच्या कडेला कॉफी पीत बसलेलं असतं. सकाळी काका म्हणतात, "अगं, आपणही एक अशी गाडी करू." काकू म्हणतात, "करा." लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर बायकोच्या 'करा'चा अर्थ काय होतो, हे या जमातीतल्या कुणालाच अजून उमगलेलं नाही.

आमच्या काकांनी जुनी ट्रॅव्हलर घेतली. गाडीत फेरफार करायचे तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, म्हणून आधी ते कलम पाठ केलं, मग आरटीओत खेपा घातल्या. सुताराने दोन आठवड्यांत बिछाना, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून दिली. आता फक्त वीज राहिली होती. त्याला येत्या दसऱ्याला दोन वर्षं होतील.

इथे काकांचा पूर्वेतिहास सांगायला हवा. काका वीज खात्यातून निवृत्त. २००५ नंतरची ती वर्षं आठवा, जेव्हा गावोगावी दिवसातले कित्येक तास वीज नसायची आणि लोक पिठाची गिरणी, लग्नाचा मुहूर्त आणि मालिकेचा भाग या तिन्ही गोष्टी भारनियमनाच्या तक्त्यावर ठरवायचे. तो तक्ता काका आखत असत. आपल्या एका रेघेवर तालुका अंधारात जातो, हे ज्याने अनुभवलं त्या माणसाच्या हातून पट्टी-पेन्सिल सुटणं अवघड. ट्रॅव्हलरच्या आतल्या दारावर आज एक तक्ता चिकटवलेला आहे. फ्रिज: दुपारी थंडीचं बटण दोनवर. पंखे: रात्री दहा ते सहा. मोबाइल: सकाळी अकरानंतर, पाळीपाळीने. मिक्सर: मंगळवारी बंद.

"मंगळवारी का?" मी विचारलं.

"एक दिवस असावा," काका म्हणाले.

त्यांच्या हिशेबात मात्र बोट ठेवायला जागा नाही. दोन बारा व्होल्टी पंखे, वीस-वीस वॉटचे, आठ तास: ३२०. दिवे: १२०. छोटा फ्रिज चोवीस तासांत घेतो ४५०. चार वेळचा चहा: २००. लॅपटॉप, मोबाइल, पाण्याचा पंप, पाच मिनिटं मिक्सर. सगळं धरून साडेबाराशे वॉट-अवर. सव्वा युनिट! काकांनी तो आकडा दोनदा अधोरेखित करून काकूंना दाखवला. काकूंनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "याचं बिल किती येतं?"

"बारा-पंधरा रुपये."

"म्हणजे एक वडापाव."

हा संवाद वहीत नोंदलेला नाही.

एवढ्यासाठी टपावर २०० वॉटचे दोन पॅनल पुरतात. दिवसाला चार-साडेचार तास कडक ऊन धरायचं आणि धूळ, उष्णता, आडवा टप यांच्या नावे पाव हिस्सा सोडून द्यायचा. वही इथेच मिटायला हरकत नव्हती. पण काकांच्या वहीत प्रत्येक बेरजेखाली दोन शब्द असतात: गेलो तर.

आषाढात आंबोलीला गेलो तर? तीन दिवस सूर्याचं तोंड दिसायचं नाही. तीन दिवसांची शिदोरी बांधायची म्हणजे पावणेचार युनिटं साठवायला हवीत. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी शिशाची बॅटरी घ्यावी, तर तिच्यातली निम्मीच वीज वापरायची असते, नाहीतर ती लवकर राम म्हणते. शिवाय भराभर वीज ओढली की ती हात आखडता घेते. हे पॉइकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली मांडून ठेवलंय. काका या पॉइकर्टचं नाव मामेभावासारखं घेतात. "पॉइकर्ट काय म्हणतो बघा!" त्याच्या सल्ल्याने १५० अँपिअर-अवरच्या पाच बॅटऱ्या निघाल्या. एकेकीचं वजन पंचावन्न किलोच्या घरात. काका स्वतः साठ किलो. तेव्हा गाडीत काका, काकू आणि साडेचार काका, असा हिशेब झाला.

मग लिथियम आयर्न फॉस्फेट आली. बारा किलोची एक, शंभर अँपिअर-अवरची, आणि बहुतेक सगळी वीज वापरता येते. चार पुरतात. तिची किंमत ऐकून काकू देवघरात जाऊन बसल्या. पण काका खूश होते. तीन दिवस. चौथ्या दिवशी त्यांच्या वाचनात आलं की ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर कायमची खराब होते.

"लेहला गेलो तर?"

"आपण लेहला जाणार आहोत का?" काकूंनी विचारलं.

"नाही. पण गेलो तर?"

त्यावर बॅटरीला ऊब द्यायची सोय निघाली. ऊब द्यायला वीज लागणार, ती वीज बॅटरीतूनच येणार, म्हणून तिसरा पॅनल वाढला. पुढच्या आठवड्यात काका मे महिन्यातल्या चंद्रपूरला (वहीत) पोचले. पॅनलवरचा २०० हा आकडा पंचवीस अंशांवर मोजलेला असतो. चंद्रपूरच्या उन्हात टपावर तो सत्तरला टेकतो आणि सहावा-सातवा हिस्सा वीज तिथेच जिरते. "ऊन तर हवं, पण तापलेलं सोसत नाही," काका हळहळले. काकू म्हणाल्या, "तुमच्यावरच गेलाय." चौथा पॅनल बसवायला टपावर जागा नव्हती, म्हणून चंद्रपूर रद्द झालं. कागदावरून का होईना, काकांनी रद्द केलेला हा एकमेव जिल्हा.

सगळ्यात मोठं प्रकरण पुरणपोळीचं झालं. पाडव्याला गाडीत असलो तर? डाळ शिजवायला इंडक्शन, इंडक्शन दोन हजार वॉटचं. बारा व्होल्टच्या बॅटरीतून तेवढं ओढायचं तर वायरीतून पावणेदोनशे अँपिअर धावणार. त्याला करंगळीहून जाड वायर, दाबून बसवलेले लग, बॅटरीच्या अगदी तोंडाशी फ्यूज. त्या वायरीसाठी काका तपकीर गल्लीत इतक्या वेळा गेले, की काका दिसले की दुकानदार चहा सांगतो. स्वतःसाठी. काका वायरीचं टोक नेलकटरने खरवडून बघतात. आतून अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा निघाला, तर दुकानात सत्यनारायणाला बसल्यासारखं मांडी घालून पूर्ण कथा सांगतात. अखेर दोन मीटर अस्सल तांबं घेऊन ते घरी आले, तेव्हा काकू ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "अहो, पण आपला पाच किलोचा छोटा सिलिंडर आहे ना?"

काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. वायर मात्र बसवली.

मागच्या मार्चमध्ये रंगीत तालीम निघाली, मुळशीला. मी साक्षीदार म्हणून बरोबर होतो. तलावाकाठी काकूंनी एका आंब्याखाली सतरंजी टाकली. काकांनी गाडी उन्हात लावली. गाडीची भट्टी झाली, पंखे फुल सुरू झाले, मीटरचा काटा उलटा पळायला लागला. गाडी सावलीत घेतली तर वीज बंद. मधला मार्ग म्हणून अर्धी सावलीत लावली, तर आंब्याच्या एका फांदीची सावली पॅनलवर आडवी पडली आणि तेवढ्याने निम्मी वीज गुल झाली. पॅनलमधल्या पेशी एकामागे एक जोडलेल्या असतात, एक अडली की मागची रांग अडते. रेशनच्या दुकानासारखं. त्या दुपारी काकांनी दर वीस मिनिटांनी गाडी उन्हामागे सरकवली. कोवळं सूर्यफूल करतं तसं. फरक एवढाच, की सूर्यफुलाला रिव्हर्स घेताना मागे बघायला शेजारी लागत नाही. काकूंनी सतरंजीवर बसून डब्यातलं थालीपीठ खाल्लं, वामकुक्षी केली, उठून तलावापर्यंत फेरी मारून आल्या.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा बॅटरी शंभर टक्के भरलेली होती. काकांनी विजयी मुद्रेने मला मीटर दाखवला. मग त्याच्यातली दिवसभराची नोंद उघडली आणि गप्प झाले. निम्म्याहून जास्त वीज जाता-येताना इंजिनाच्या अल्टरनेटरने भरली होती. सूर्यनारायणाचं श्रेय डिझेलने नेलं होतं. मला खरंच वाईट वाटलं. माझ्या मते काकांच्या संपूर्ण यंत्रणेत एकच चूक आहे: ती गाडीवर बसवली आहे, आणि गाडी चालते.

ही चूक मात्र त्यांनी पुढे दुरुस्त केली. मुळशीनंतर गाडी हललेली नाही. सोसायटीत तिची जागा गुलमोहराखाली आहे. फांदी छाटायची तर महापालिकेची परवानगी लागते, म्हणून काका पानगळीची वाट बघतात; उन्हाळ्याच्या तोंडाशी झाड उघडं पडलं की दोनेक महिने घसघशीत चार्जिंग होतं. भरलेल्या बॅटरीचं करायचं काय, हा प्रश्न गणपतीत सुटला. आरतीच्या वेळी वीज गेली, तेव्हा काकांनी ट्रॅव्हलरमधून तारा ओढून स्पीकर, दिवे आणि मोदकाच्या खोबऱ्यासाठी मिक्सरसुद्धा चालवून दाखवला. मंगळवार होता, तरी.

परवा काकू गणपतीपुळ्याला जाऊन आल्या. स्वारगेटहून एसटीने, महिलांच्या अर्ध्या तिकिटात, महिला मंडळाच्या बायकांबरोबर. प्रसाद द्यायला त्या आमच्याकडे आल्या, मागोमाग काका वही घेऊन आले.

"तिथल्या पार्किंगला सावली होती का?" त्यांनी विचारलं.

"नारळाची होती," काकू म्हणाल्या.

काकांनी तेवढं लिहून घेतलं.