दिसतो तसा नाही हो तो!

अहो, ऐकलंत का? या, जरा अशा कुंपणाजवळ या. तो कोस्टारिकातला हिरवा टुकॅनेट हो, मोन्टेवेर्देच्या ढगातल्या रानात असतो तो... हां, तोच! टुकनांच्या घराण्यातला धाकटा, जेमतेम फूटभर. गळा निळा, चोच वरून पिवळी, खालून काळी, बाकी बहुतेक हिरवागार. पानांत बसला की शोधत बसा.

आमच्या जावयांनी फोटो पाठवला, तर वन्सं म्हणतात, "अगंबाई, किती गरीब चेहऱ्याचा!" म्हटलं, गरीब? त्याच रानातल्या क्वेट्झल पक्ष्याला विचारा! अंडी पळवतो मेला, पिल्लंसुद्धा सोडत नाही. वन्संचा चेहरा असा काही पडला... हातातली मटारची शेंग अर्धी सोललेली, तशीच राहिली.

तर काय सांगत होते... क्वेट्झलचं. दोघांना खायला लागतं तेच, रानटी अ‍ॅव्होकॅडोच्या जातीतली छोटी फळं. तिकडे आग्वाकातीयो म्हणतात. एकाच झाडावर जेवायचं आणि क्वेट्झलच्याच ढोलीत चोच घालायची, काय म्हणावं! पण खरं ते बोलावं. फळ अख्खं गिळतो, गर पोटात ठेवतो आणि बी ओकून टाकतो, तीही भलत्याच झाडाखाली. त्यातूनच पुढे रोपं उगवतात. म्हणजे हा गेला तर जंगलाचंच नुकसान. आता बोला!

स्वतःचं घर? छे, आयतोबा! सुतार पक्ष्यानं कोरलेली जुनी ढोली गाठायची. संसार मात्र नेटका हं. अंडी दोघं आळीपाळीनं उबवतात, सोळाएक दिवस. (आमच्याकडे रात्री बाळ रडलं की ह्यांना गाढ झोप लागायची, ते असो.) पिल्लं उघडी, आंधळी, पण टाचांना जाड गाद्या घेऊनच येतात, ढोलीच्या खडबडीत तळाशी खरचटू नये म्हणून. सहा आठवडे आत.

आणि भावकीचं कळलं ना? मेक्सिको-ग्वाटेमालातले ते पांढऱ्या गळ्याचे. काही तज्ज्ञ म्हणतात एकच जात, काही म्हणतात वेगळी चूल. अजून मिटलं नाही.

त्यातून खालच्या गरम रानातला थोरला, तो रंगीत चोचीचा टुकन, वर चढून क्वेट्झलच्या शेजारीच बिऱ्हाड करून बसला. १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं, हवा तापली, ढग वर सरकले म्हणून. बिचारा क्वेट्झल, आधी चोर एक होता, आता दोन!

बरं, वन्सं भेटल्या तर सांगा, हा टुकॅनेट आपल्या धनेशाचा कुणी नाही. चोच बघून फसल्यात त्या. त्याचं नातं आपल्या तांबटाशी!