पाउंडात की रुपयांत?

लंडनच्या काळ्या टॅक्सीत मागच्या सीटसमोर भाडं भरायचं यंत्र होतं. त्यात मी कार्ड खुपसलं, तशी त्याच्या छोट्या पडद्यावर तिरंगा उमटला. खाली ठसठशीत हिरवं बटण: २,२२२ रुपये. आणि त्याच्याही खाली, बटण आहे की डाग असं वाटावं अशा करड्या रंगात, १८.४० पाउंड. परमुलखात अचानक तिरंगा दिसला की ऊर भरून येतो. माझाही आला. अंगठा हिरव्याकडं निघालाच होता.

“अहो,” ही म्हणाली, “पाउंड!”

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला बायकोनं हिशेबात सावध करावं, यापेक्षा निवृत्ती बरी. पण ती मी आधीच घेतली होती.

खरं तर हे प्रकरण सुरू झालं ते माझ्या ताठ्यामुळं. लेक हॅरोला राहते. पोचल्या दिवशीच जावई म्हणाले, “बाबा, तुम्ही कशाला कार्डाच्या भानगडीत पडता? माझं इथलंच कार्ड आहे. मी देतो, चार्ज नाही, काही नाही.” आता मुलीच्या घरचं पाणी पिऊ नये असं ऐकत वाढलेला माणूस मी. पाणी पीत होतो, दोन वेळचं जेवत होतो, जावयांच्या रजईत झोपत होतो. निदान टॅक्सीचं भाडं तरी आपलं आपण द्यावं! माझी उरलीसुरली तत्त्वनिष्ठा त्या भाड्यात येऊन अडकली होती.

निघण्यापूर्वी शेजारच्या नानांनी मला कार्डशास्त्र शिकवलं होतं. आपल्याकडचं साधं क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की बँक मार्कअप लावते, बहुतेक ठिकाणी साडेतीन टक्क्यांपर्यंत. त्या मार्कअपवर पुन्हा अठरा टक्के जीएसटी. म्हणजे शंभर रुपयांमागं चार रुपये तेरा पैसे. हे तेरा पैसे नानांनी इतक्या दुःखानं उच्चारले, की मी दुसऱ्याच दिवशी शून्य मार्कअपचं कार्ड काढलं. ते परदेशात चालावं म्हणून बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापराची कळही चालू केली, कारण नवं कार्ड ती कळ बंद ठेवूनच हातात येतं. शिवाय पाउंड भरलेलं एक फॉरेक्स कार्ड घेतलं. जुनं कार्ड होतंच. तीन कार्डं आणि एक पाकीट. या पाकिटानं पुढं घात केला, पण ते नंतर.

पहिला दणका बसला तो फोनवरून मागवलेल्या गाडीत. महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम होता. हे मंडळ १९३२ सालचं. डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे. ॲपनं भाडं सरळ रुपयांत दाखवलं. मी खूश! पाउंडाला एकशे पंधरानं गुणायचा त्रास वाचला. जाताना गाडीत हिला सांगितलंसुद्धा, “बघ, यांना कळतं आपण कुठले ते.” मध्यंतरात बटाटेवडा खाताना जावयांनी माझा फोन घेतला आणि पावती उलगडून दाखवली. रुपयांत भाडं दाखवायची सोय करून दिल्याबद्दल दीड टक्का वर लावला होता. आपल्या चलनात बोलल्याचा मोबदला! पुन्हा गंमत अशी, की पैसे रुपयांत गेले तरी दुकान परदेशी, म्हणून काही बँका त्यावरही टक्काभर लावतात आणि त्यावर जीएसटी. म्हणजे दुभाष्याला पैसे द्यायचे ते द्यायचे, आणि घरी येऊन दुभाषी ठेवल्याचा दंडही भरायचा. जावयांनी सेटिंगमध्ये जाऊन रुपये काढून टाकले, पाउंड ठेवले. वडा तोवर गार झाला होता.

तर आता टॅक्सीत हेच सोंग तिरंगा घेऊन पुढं आलं होतं. यंत्रवाल्यांनी रुपयाचा दर आपल्या मर्जीनं फुगवायचा आणि वरची मलई आपसांत वाटून घ्यायची, असा हा धंदा. मी तिकिटाच्या पाठीवर आकडेमोड केली. १८.४० गुणिले ११५ म्हणजे २,११६. मागतायत २,२२२. एकशे सहा रुपये! एकशे सहा रुपयांत आमच्याकडं दोघांची मिसळ होते, तर्री वेगळी मागून.

पुढं बसलेला गृहस्थ आरशातून बघत होता. लंडनच्या काळ्या टॅक्सीवाल्याला परवान्यासाठी चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यात काही वर्षं जातात. आणि त्याच्या मागं बसलेल्या माणसाला दोन बटणांतलं एक निवडता येत नव्हतं. तो काही बोलला नाही, फक्त स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरला. मी करडं बटण दाबलं. यंत्रानं पुन्हा विचारलं, नक्की ना? मी नक्की म्हटलं. तिरंगा गेला. जरा वाईट वाटलं.

त्या एकशे सहा रुपयांच्या कैफात मी दोन दिवस होतो. तिसऱ्या दिवशी भुयारी रेल्वेत गेलो. तिथं तिकीट काढायचं कामच नाही. जाताना फाटकावर कार्ड टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं, मधलं अंतर त्यांचं ते मोजतात. अट एकच, दोन्ही वेळा कार्ड तेच हवं. मी रुबाबात अख्खं पाकीट टेकवलं. यंत्रानं आत जाताना शून्य मार्कअपवालं वाचलं आणि बाहेर पडताना फॉरेक्सवालं. म्हणजे त्याच्या लेखी दोन माणसं. एक आत शिरला तो बाहेर पडलाच नाही. दुसरा आत न जाताच बाहेर आला. दोघांनाही जास्तीत जास्त भाडं. मार्कअप मात्र शून्य, हे मी हिला ठासून सांगितलं. ही शेजारी उभी होती, लेकीनं दिलेलं एकच कार्ड रुमालात गुंडाळून. महिनाभर तिनं तेच टेकवलं आणि पाणीही त्याच घरचं प्याली.

दिवाळीला लेक-जावई पुण्याला आले. मी आणि जावई रिक्षानं लक्ष्मी रोडला गेलो. रिक्षावाल्यानं हँडलला चिकटवलेला क्यूआर कोड पुढं केला. जावयांनी विलायती कार्ड काढलं, उलटसुलट केलं, परत ठेवलं. मी फोन काढून ९४ रुपये भरले. टिंग वाजलं. चार्ज नाही, काही नाही.

जावई पाकिटातून पाच पाउंडांची नोट काढत गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “बाबा, पाउंडात घेणार की रुपयांत?”

मी नकळत हिरवं बटण कुठं दिसतंय का ते बघितलं.